माजघरातला उलटा खांब

आबा,

काल नावेतून उतरून घेतलं ते असं: चुन्याची आठ पोती, सोळा रुपये, चिव्याच्या बारीक बांबूंचे चार भारे, सहा रुपये, खिळे दोन शेर, पावणेदोन रुपये, हमाली आठ आणे. पांढरी माती गावकीची, तिला पैसा नाही. पोती मी स्वतः हलवून पाहिली, हल्ली कुणाचा भरवसा वाटत नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मागच्या पुरानंतर मामलेदारांनी बेटावरच्या नऊही घरांना काठावर जागा देऊ केली होती. पंचांनी ठरवलं, घरं सोडायची नाहीत, होती तशीच दुरुस्त करून त्यांत राहायचं. आपल्या घरात आता वहिनी एकटीच. दादाच्या मागे तिनेच घर राखलं. तरी चुलत्यांचं म्हणणं, बाईमाणूस एकटं, तिला काठावर झोपडं बांधून द्यावं आणि घर भावकीकडे ठेवावं. निकाल पंचांनी माझ्या शब्दावर ठेवला होता, म्हणून मी चिंचवडहून आठ दिवसांसाठी आले.

मन साफ ठेवून आले असं म्हणणार नाही. पिंपरीला कारखाने उभे राहताहेत, साहेबांच्या बंगल्यांना जुनं सागवान लागतं, आणि दलाल गावोगाव घरं हुंगत फिरतात. निघोज्याला एकाच्या माजघराच्या तुळया अशाच गेल्या अशी बोलवा होती. वहिनीचं तेलमीठ कशावर चालतं हे मला कधी कळलं नव्हतं. निघताना गणपतीपुढे नारळ फोडून म्हटलं, काय असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आण.

तिसऱ्या दिवशी त्याने आणलं. माळवदाची माती उतरवून झाली होती, माजघरात ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. सुतार खांबांवरचे चुन्याचे थर तासत होता. देवघराजवळच्या खांबाचा थर निघाला आणि मला लाकडातली गाठ दिसली. गाठ बघायला तुम्हीच शिकवलंत. माझ्या लग्नाचा मांडव घालताना दादाने आणि मी एक मेढ उलटी रोवली होती. अजून दिसतं मला: तुम्ही अंगणात येता, हातातला तांब्या खाली ठेवता, ती मेढ उपटता आणि सगळ्या सोयऱ्यांदेखत म्हणता, ‘झाड जसं वाढलं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे. शेंडा मातीत घालून घराचा वंश खुंटवायचाय का? मॅट्रिक झालीस, एवढं दिसत नाही?’ मग माझं बोट धरून गाठीवरून फिरवता, फांदी कुठल्या अंगाला निघाली होती ते दाखवता.

इथे फांदी खाली निघालेली होती.

मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मिस्त्री, हा खांब आमचा नव्हे. आमचा कुठे गेला?’

‘तुमचाच हाय की, आक्का.’

‘आमच्या आबांनी उलटा खांब उभा केला नसता. कुणाला दिला तेवढं सांगा.’ बोलत होते सुताराशी, बघत होते वहिनीकडे. चुलते बाजेवर बसले होते. म्हणाले, ‘बोल आता, सूनबाई. सागवान इकून चूल पेटवतीस व्हय?’ वहिनी माती चाळत होती, ती चाळतच राहिली.

सुतार खाली बसला. खांबाखाली तळखड्याचा दगड आहे ना, त्याच्या वर वीतभर जागा त्याने तासली. चुन्यातून कोरलेलं ‘श्री’ निघालं. उलटं, वेलांटी जमिनीकडे. वास्तुशांतीला तुम्ही ते पार वर, तुळईखाली कोरलं होतंत. अक्षर तुमचं, त्यात शंका नाही.

‘दादांच्या लग्नाच्या साली पुरानं बुडखा सडला,’ सुतार म्हणाला. ‘लगीन आठ दिसांवर आलेलं. नदीला पाणी, लाकूड बेटावर आणायचं कसं? माझा बा आन् मी, दोघांनी सडका तुकडा कापला, खाली घट लाकूड यावं म्हून खांब फिरवला आन् कमी पडलं तितकी वर फळी घातली. आबा दार लावून उभे व्हते. देवाची आण घातली, कुनाला सांगू नगा म्हून. आज तुमी चोर ठरवलंत, म्हून बोललो.’

त्या लग्नानंतर वर्षाच्या आत दादा तापात गेला. मग आई. सगळ्यांनी ते वहिनीच्या पायगुणावर घातलं. कुणाच्या कार्याला तिला बोलावणं नाही, कुणाचं बाळ तिच्या मांडीवर नाही. आणि तुम्ही ओटीवर माळ घेऊन बसलेले असायचात. ऐकू येत नव्हतं म्हणू नका, आबा. परसात वासरू सुटलेलं तुम्हाला ओटीवर कळायचं.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. ‘तुला माहीत होतं?’

‘दर दिवाळीला चुना मीच लावते, वन्सं.’ ती भाकरी थापत होती.

‘मग बोलली का नाहीस?’

‘कुणाला? तुम्हाला?’ असं म्हणून हसली. भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर म्हणाली, ‘मामंजी जायच्या आधी एकदा त्या खांबापाशी बसले होते. म्हणाले, सूनबाई, इथे चुना जरा जाड लाव. मी लावला.’

तेव्हापासून माझा संशय तुमच्यावर आहे. त्या खांबानेच दादाला नेलं असं तुम्हाला वाटत होतं, तर दोष तिच्यावर का जाऊ दिलात? आणि वाटत नव्हतं, तर माझ्या मांडवात ती मेढ कशासाठी उपटलीत? चुलते म्हणतात खांब काढून जाळा. सुतार म्हणतो, लाकूड खणखणीत हाय, आपल्या सगळ्यांना पुरून उरंल. वहिनी म्हणते राहू दे. घर तिचं, दुरुस्तीही तिच्याच नावावर, असं मी पंचांना आज लिहून दिलं. खांबाचं काही लिहिलं नाही. संध्याकाळी देवाला दिवा लावताना खांबाला पाठ करून बसले.

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. पायगुण हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा मी काढला. दादाच्या दहाव्याला, माजघरात, तुम्ही बाहेर ओटीवर असताना. वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तेव्हा ऐकलं होतंत का, तेवढं उलट टपाली कळवा.