घंटा आणि माहितीपत्रक

बॉस्टन, शनिवार, १४ जून २००३

संग्रहालयात जुन्या जहाजावरची घंटा टांगलेली होती. बाबांनी देवळात करतात तसा सहज हात वर केला आणि ती वाजवली. सगळे वळून बघू लागले. रखवालदाराने मला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का? मी हातातलं माहितीपत्रक वाचत राहिलो. का? दोनच सेकंद असतील. तेवढ्यात माझी सात वर्षांची रिया पुढे झाली. "ही इज माय आजोबा."

गाडीत बाबा म्हणाले, "घंटा दिसली की हात जातोच रे." मी हसलो. वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आत्ता जेवताना त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या कागदावर एवढं काय लिहिलं होतं?"

एक ओळही आठवेना.