तुझं जांभळं सिन आमच्या ताब्यात आहे

१. गेल्या मंगळवारी सकाळी आमची गस्तीची हॉवरक्राफ्ट नदीतून तुझ्या परसातला उतार चढून आली.
२. ती मी चालवत होते.
३. वळताना मागच्या पंख्याचा झोत तुझ्या कपडे वाळवायच्या दोरीवर गेला.
४. तुझं कमरेला गुंडाळून नेसायचं जांभळं सिन उडून आमच्या तुकडीप्रमुखांच्या डोक्यावर बसलं.
५. शेजारच्या बुनरुएनकाकूंनी ते चोरलेलं नाही.

साइरुंगमावशी, हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे आणि बदकं बरी असतील अशी आशा आहे. काकूंशी तू बोलणं टाकलंस असं आई सांगते, तेव्हा पाचवा मुद्दा पुन्हा वाच.

त्या दिवशी माझी चालकपरीक्षा होती. या यंत्राला ब्रेक नसतो. खालची हवा सोडली की ते बसतं, आणि वळवलं की ओल्या फरशीवरच्या साबणासारखं घसरतं. अरुंद जागेत मी कशी वळते हे बघायला प्रमुख काम्फोन खाली उतरले आणि नेमके तुझ्या दोरीमागे उभे राहिले. वळण नियमाप्रमाणे झालं. (वाऱ्याची दिशा तपासली होती. दोरी तपासावी असं पुस्तकात नाही.)

त्यांच्या गळ्यात सात ताईत आहेत, आणि बाईचं सिन डोक्यावरून गेलं की ताइताची शक्ती जाते हे तुला मी सांगायला नको. सिनच्या मालकिणीने स्वतः येऊन क्षमा मागेपर्यंत ते नौकेत पाय ठेवणार नाहीत. ते बसले नाहीत तर परीक्षा अपुरी, आणि परीक्षा अपुरी राहिली तर महिनाअखेर माझी रवानगी सुट्या भागांच्या कोठारात. मीच क्षमा मागते म्हटलं, तर म्हणाले, "चूक तुझी असेल पोरी, पण सिन तुझं नाही."

मी त्यांना विहारात नेलं. मोठे भन्ते म्हणाले, "सात ताईत एका सिनला भीत असतील, तर क्षमा त्या ताइतांनीच मागावी." प्रमुखांनी वाकून नमस्कार केला, परत आले, आणि परीक्षेच्या कागदावर सही केली नाही.

(नौकेच्या बुडाला जी रबरी झालर असते तिला आमच्या पुस्तकात स्कर्टच म्हणतात. दर सोमवारी प्रमुख तिच्याखाली डोकं घालून भोकं शोधतात. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)

तरी मावशी, येत्या शुक्रवारी सकाळी चौकीवर ये.

तुझी भाची,
पिनमनी

ता. क. सिन त्यांनी स्वतःच्या हाताने धुऊन इस्त्री केलं आहे. मी फक्त नोंद करते, अर्थ लावत नाही.

आणखी एक. फुलं आणू नकोस. फुलं तेच आणणार आहेत. "मालकीण म्हणजे घाटावर मासे भाजते तीच ना?" असं त्यांनी तीनदा विचारलं. दर गस्तीत आमचं इंजिन तुझ्या शेगडीसमोरच का तापतं, हे आता माझ्या लक्षात आलं. त्यांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. तुझं वय विचारलं, ते मी सत्तेचाळीस सांगितलं आहे. आकडा बदलायचा असल्यास बुधवारपर्यंत कळव.