हॉर्नचा घसा

४ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवणार नाही. लोक कल्पना चोरतात.
निर्णय झाला. हॉर्न स्पीकर घरीच बांधायचे. बाजारातल्या स्पीकरमध्ये एका खोक्यात तीन भोंगे, तिघांची तोंडं तीन दिशांना. माझ्यात एकच असेल, फुल-रेंज ड्रायव्हर. वाटीएवढा कागदी शंकू, पण खर्जापासून टिपेपर्यंत सगळं एकटा गातो. त्याच्या पाठीमागून निघणारा आवाज प्लायवुडच्या वळणावळणाच्या बोगद्यातून फिरवून खाली बाहेर सोडायचा. बोगद्याच्या अरुंद टोकाला घसा म्हणतात, रुंद टोकाला तोंड. ड्रायव्हरची जोडी आली. हिला दाखवली. ही म्हणाली, एवढुसे? म्हटलं, मूर्ती लहान, कीर्ती महान.
निमित्तही तसंच आहे. नोव्हेंबरात वाचनालयाच्या सभागृहात हिचं गाणं आहे. कन्या झाली तेव्हापासून ही लोकांपुढे गायलेली नाही, आणि कन्या आता कॉलेजात जाते. सभागृहातले स्पीकर हरवलेल्या मुलांची घोषणा करायच्या लायकीचे. जाहीर करून टाकलं, तुझं गाणं माझ्या हॉर्नमधून जाणार. ही काही बोलली नाही. आनंदाने असावं.

९ ऑगस्ट
सुतार आला. नकाशा उलटा धरून बराच वेळ बघत होता. म्हणाला, कपाट छान आहे, पण फळ्या तिरक्या का, आणि कप्पे कुठे? समजावलं, कप्पे नाहीत, हा ध्वनीचा मार्ग आहे. म्हणाला, खालून उघडं राहिलं तर मांजर शिरेल, जाळी ठोकू का?
हॉर्नना कोपरे लागतात. घरातले उत्तम कोपरे आमच्या झोपायच्या खोलीत. कपाट पॅसेजमध्ये नेलं. पलंग भिंतीला उभा केला. मी जमिनीवर. ही तात्पुरती कन्येच्या खोलीत.

२३ ऑगस्ट
डावा उभा राहिला. माझ्या खांद्याला लागतो. आतले सांधे सरस लावून कायमचे बंद. एक फटही नाही.
मोजायची टेप सापडत नाही. या घरात वस्तू जागेवर ठेवायची पद्धतच नाही.

३० ऑगस्ट
दोन्ही तयार. सगळ्यांना बोलावून पहिलं गाणं लावलं. बेस नाही. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. कन्या म्हणाली, बाबा, हा माणूस नाक धरून गातोय का? ही म्हणाली, बिचारा. कुणाला ते कळलं नाही.
काळजीचं कारण नाही. नवा ड्रायव्हर म्हणजे नवी चप्पल. रुळेपर्यंत चावणारच. उपाय सोपा आहे. दिवसभर त्यातून नुसती खरखर वाजवत ठेवायची. ऑफिसला जाताना चालू करून जाईन. घरच्यांना काहीच करायचं नाही, फक्त ऐकायचं.

५ सप्टेंबर
वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली आले. तुमचा नळ फुटलाय का म्हणून विचारत होते. आजोबांना जवळजवळ ऐकूच येत नाही. तरी तक्रार करायला आले. म्हणजे आवाजाचा पल्ला चांगला आहे. उत्साह वाढला.

१२ सप्टेंबर
अडचण. हिचा रियाज सकाळी, आणि ट्यूनिंगही सकाळीच करावं लागतं, कारण तेव्हा रस्ता शांत असतो. मी मायक्रोफोन लावून आलेख काढतो, आणि मधेच हिचा आवाज शिरून आलेखाला डोंगर येतो. शांतपणे समजावलं, हे सगळं तुझ्या गाण्यासाठीच चाललंय, तेव्हा तू गाऊ नकोस.
ही माझ्याकडे बघत राहिली. मग भाजी चिरताना गुणगुणायची, तेही बंद केलं. सहकार्य उत्तम.

२० सप्टेंबर
ही हल्ली रोज संध्याकाळी खालच्या वहिनींकडे जाते. वहिनी निवृत्त नर्स, एकट्या राहतात. कंबर धरलीय म्हणे. शेजारधर्म म्हणून मीही आग्रह केला, लवकर येऊ नकोस.
बेस अजून नाही.

२७ सप्टेंबर
नवीन संकट. एका ठरावीक सुराला डाव्यातून घर्र येतं. खिडकीच्या काचेला उशी बांधली. भांड्यांचं रॅक उतरवून बाल्कनीत ठेवलं. पंखा बंद. तरी घर्र. घरातल्या सगळ्यांना श्वास रोखायला लावलं. तरी घर्र.
कन्येने विचारलं, बाबा, ती टेप सापडली का? विषय काय, प्रश्न काय. या पिढीचं लक्षच टिकत नाही.

४ ऑक्टोबर
रजा घेतली. साहेबांना सांगितलं, घरी परिस्थिती गंभीर आहे. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, काय झालं? घाईत होतो. म्हटलं, डाव्याचं काही खरं नाही, उजव्याची थोडी आशा आहे. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, धीर सोडू नका, हल्ली किडनी बदलून मिळते.
त्यांचा समज दुरुस्त करायला हवा होता. पण रजा मंजूर झाली होती.

११ ऑक्टोबर
जेवण जात नाही. घशात लोकर भरली तर आवाज मरतो. काढली तर ओरडतो. अर्धी ठेवली तर ओरडत ओरडत मरतो. कापूस झाला, फोम झाला, जुनी गादी झाली. शेवटी हिने मला विणून दिलेला स्वेटर उसवला. लोकर फार उत्तम निघाली. हे तिला मुद्दाम जाऊन सांगितलं. ती उठून आत गेली.

१३ ऑक्टोबर
इंटरनेटवरचा एक जाणकार म्हणतो, ओरडणं कमी करायला तारेचं वेटोळं आणि रेझिस्टर घालून छोटं सर्किट लावा. साफ नाकारलं. ड्रायव्हर आणि अँप्लिफायर यांच्यात तिसरा कुणी नको. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१५ ऑक्टोबर
सर्किट लावलं. तात्पुरतं.
आता ओरडत नाही. कुरकुरतो.

१८ ऑक्टोबर
आज हात टेकले. संध्याकाळी दोन हॉर्नच्या मधे फरशीवर आडवा पडलो होतो. डोकं सुन्न. तेवढ्यात फरशीतून गाणं वर आलं. बाईचा आवाज. भरलेला, जवळचा, ओळीच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. घर्र नाही, पत्रा नाही. ताडकन उठून बसलो. वहिनींनी स्पीकर घेतले! मला एका शब्दाने विचारलं नाही!
तसाच बनियनवर खाली धावलो. दार ढकललं आणि ओरडलो, वहिनी, ड्रायव्हर कुठला?
ही गात होती. खिडकीजवळ, खुर्चीत बसून. वहिनी समोर मांडीवर ताल धरून. कंबर ठणठणीत दिसली.
ही थांबली. विचारलं, झालं का तुमचं? म्हटलं, अजून नाही. म्हणाली, मग वर जा, आणि दार ओढून घ्या.
वर येऊन विचार केला. ही घटना अत्यंत उपयोगाची आहे. हिला दोन हॉर्नच्या मधोमध उभी करून आलेख काढला, तर कुठे काय कमी पडतंय ते नेमकं सापडेल. उद्या विचारतो.

१९ ऑक्टोबर
विचारलं. म्हणाली, घशाला विश्रांती हवी आहे. मी म्हटलं, डाव्याच्या की उजव्याच्या? दिवसभर बोलली नाही.

२६ ऑक्टोबर
वाईट दिवस. हिने वाचनालयाला परस्पर कळवलं की हॉर्न येणार नाहीत, सभागृह लहान आहे, मी तशीच गाईन. मी विचारलं, मला न सांगता? म्हणाली, मी गाणं सोडलं तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत. आता इतक्या वर्षांनी गायला लागले, तर म्हणालात, गप्प बस.
तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सांगायचं होतं की लग्नाआधी तुला पहिल्यांदा ऐकलं ते शेवटच्या रांगेतून, आणि तिथे अर्धंच पोचत होतं. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस शेवटच्या रांगेपर्यंत सगळं पोचवीन. हेच सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं, आलेखात तीनशे हर्ट्झला अजून खड्डा आहे.
तिने डोळे पुसले. मग म्हणाली, हॉर्न दुपारी चारच्या आत सभागृहात पोचले, तर लावा. नाहीतर मी थांबणार नाही.
म्हणजे विश्वास आहे.

७ नोव्हेंबर
उद्या गाणं. घर्र आहेच, पण सभागृहातल्या गर्दीत विरून जाईल. बेस तिथल्या भिंती देतील. ड्रायव्हर काढून पेटीत वेगळे ठेवले, वाटेत धक्का नको. टेम्पो सांगितला. जिना नजरेनेच मोजला. आरामात जातील.

८ नोव्हेंबर, दुपार
जिन्यात लिहितो आहे. डावा वळणावर अडकला.
पुढे जात नाही, मागे येत नाही, उभा होत नाही, आडवा होत नाही. सुतार आणि टेम्पोवाला खालच्या बाजूला, मी वरच्या. सुतार म्हणतो, कापू या. मी म्हटलं, आधी मला कापा. तो म्हणाला, मग बसा, मी गाण्याला जातो, तुमच्या मुलीने बोलावलंय. टेम्पोवालाही गेला.
ही खालीच, वहिनींकडे तयार झाली होती. भिंत आणि हॉर्न यांच्यामधल्या फटीतून तिच्या चपला तेवढ्या दिसल्या. तिने विचारलं, अहो, अडकलाय का? म्हटलं, तात्पुरता. म्हणाली, तुम्हाला इकडे येता येईल? फटीत खांदा घालून पाहिला. शर्ट फाटला. म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच.
चपला क्षणभर तिथेच होत्या. मग पायऱ्या उतरताना ऐकू आल्या. मग खालचं दार.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
अजून जिन्यातच. हाका मारून झाल्या. लाथा मारून झाल्या. सुताराने काम पक्कं केलंय, हे मान्य करावं लागेल.
वरचे आजोबा इस्त्रीचा कोट घालून खाली आले. गाण्यालाच निघाले होते. हॉर्न बघून म्हणाले, हे कपाट कुणाचं? ओरडून सांगितलं, माझं. ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. त्यांना परत वर चढवत नव्हतं.
सहाला कन्येचा फोन. कुजबुजत म्हणाली, बाबा, सुरू होतंय, मी फोन असाच धरते, तुम्ही बोलू नका. फोनच्या आतला स्पीकर नखाएवढा. तरी कानाला लावला, आणि ही होती. आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांना कुठून ऐकू जाणार?
काय सुचलं कोण जाणे. ड्रायव्हरची जागा रिकामी होती, भोक आमच्याच बाजूला. फोन त्यातून आत घातला, घशाशी टेकवून ठेवला. खालच्या तोंडातून आवाज बाहेर आला. जिना भरला. आजोबांनी काठी खाली ठेवली आणि हॉर्नवर तळहात टेकवला. म्हणाले, सूनबाई गातेय होय!
वरच्या मजल्यांवरची आणखी दोघंतिघं अडकली होती, तीही बसली. मी आलेख वगैरे काही काढला नाही. मायक्रोफोन घरात होता म्हणून. डोळ्यांत सारखं काहीतरी जात होतं. प्लायवुडचा भुसा.
दुसऱ्या गाण्यात फोनची बॅटरी संपली.

९ नोव्हेंबर
काल रात्री सुताराने डावा कापला. मी बघितलं नाही. आतून मोजायची टेप निघाली म्हणे.
सगळे म्हणतात, गाणं फार रंगलं. स्पीकर नव्हते, तरी शेवटच्या रांगेतले लोक पुढे सरकून बसले. पोचतं करायचा असाही एक मार्ग आहे. माझ्या लक्षात आला नव्हता.
ही चहा पीत होती. विचारलं, ऐकलंत ना? कसं झालं? मला खूप सांगायचं होतं. म्हणालो, फोनवर खालचे सूर नीट कळत नाहीत. ती म्हणाली, हं. कप उचलून आत गेली.

१२ नोव्हेंबर
ऑफिस सुरू. साहेबांनी विचारलं, डाव्याचं काय? म्हटलं, काढला. टेबलावर फळांची पिशवी होती. सगळ्यांनी मिळून आणलेली. घ्यावी लागली.

१९ नोव्हेंबर
पलंग आडवा झाला, कपाट आत गेलं. उजवा हॉर्न सुतार घेऊन गेला. कप्पे टाकणार आहे. हिला आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. ही झोपायला मात्र अजून कन्येच्या खोलीतच. तिकडे उजेड चांगला आहे म्हणे.

२५ नोव्हेंबर
ही सकाळी आमच्या खोलीत रियाज करते, दार लावून. मी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसतो. दारामुळे वरचे सूर कापले जातात.
आज धीर करून विचारलं, आत बसू का? काही करणार नाही, नुसता बसेन. तिने थोडा विचार केला. म्हणाली, अजून नको. तुम्ही समोर असलात की मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहते, कुठे खड्डा सापडला का म्हणून.
अजून, म्हणाली. नको म्हणाली नाही, अजून नको म्हणाली.
खुर्ची दाराजवळ सरकवली. आवाजात काही फरक पडला नाही.