सकाळी सहाची हवा

४ मार्च, मंगळवार
कालची नोंद दुरुस्त करते. 'मी गॅलरीत धूलिकण मोजायचं यंत्र बसवलं' असं लिहिलं होतं. बसवलं बाबांनी, मी स्टूल धरलं. श्रेय ज्याचं त्याला गेलं पाहिजे. हे बाबांनीच शिकवलं. शाळेत घालायच्या आधी माझी शाळा तेच होते. आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं, हेही त्यांचंच.
प्रबंधाचा विषय: वस्तीतली हवा आणि माणसांची फुप्फुसं. आता मागे हटणं नाही.

५ मार्च, बुधवार
सकाळी सहाला आकडा एकदम चौपट. थोड्या वेळाने खाली. गुन्हेगार उघड आहे: समोरची बेकरी. आजपासून तिथलं काही खायचं नाही.
संध्याकाळी: आईने तिथलेच टोस्ट आणले. दोनच खाल्ले.

७ मार्च, शुक्रवार
गॅलरीतल्या कुंडीत राख. बेकरीतून एवढ्या लांब आली, तीही एकाच कुंडीत. वाऱ्याची दिशा हा वेगळा उपविषय होईल. बाबांना दाखवली. म्हणाले, हल्ली हवामानाचा काही नेम नाही. आणि खोकत आत गेले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून दम भरल्यावर त्यांनी सिगरेट कायमची सोडली. तरी खोकला वाढतोच आहे. बेकरीवाल्याला जाब विचारणार.

८ मार्च, शनिवार
विचारला. आवाज चढवायचं ठरवून गेले होते, सुरुवात 'सॉरी हं' अशी झाली. तो म्हणाला, ताई, भट्टी दोन वर्षं झाली विजेवर आहे, आत येऊन हात लावून बघा. हात लावला नाही. अर्धा किलो केक घेऊन आले.

१० मार्च, सोमवार
बेकरी बंद. आकडा चौपट. म्हणजे धूर साचून राहतो. प्रकरण वाटलं त्याहून गंभीर.
आईने विचारलं, तू डॉक्टर नेमकी कशाची होणार आहेस? तिला सारखं सांगावं लागतं.

११ मार्च, मंगळवार
गाइड मॅडमनी आलेख पाहिला. त्या वेळी घरात जागं कोण असतं म्हणाल्या. म्हटलं, फक्त बाबा, झाडांना पाणी घालतात. मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'कारण' हा रकाना भरून आण, त्याशिवाय मी हे वाचणार नाही.
जेवताना घरी सांगितलं. बाबांना ठसका लागला.

१२ मार्च, बुधवार
सहालाही आलेख अगदी सरळ. माझ्या भेटीचा बेकरीवर परिणाम झाला. नवं प्रकरण: 'जनजागृतीचं यश'. बाबाही आजपासून पहाटे फिरायला जायला लागले. नेमकी हवा सुधारली त्याच दिवशी. नशीबवान माणूस.

१४ मार्च, शुक्रवार
बेकरीवाल्याचे आभार मानायला गेले. तो म्हणाला, आभार राहू द्या, वडिलांना आवरा. रोज सहाला आमच्या मागच्या दाराशी उभे राहून ओढतात. सगळा धूर आमच्या पावांवर. आणि खोकतात असे की आम्ही पाण्याचा ग्लास भरूनच ठेवतो. तुमचं ते यंत्र इकडे लावता का?
त्याचा काहीतरी गैरसमज झाला आहे.
हे वाक्य खोडत नाही. शेजारी कारण लिहिते: कुंडीत राखेबरोबर थोटूकही होतं. मी ते मातीत दाबलं.
त्यांच्याशी बोलणार आहे. उद्याच बोलले असते, पण उद्या यंत्र पुसायचं आहे.
रविवार, १६ मार्च. सकाळी सहा. बेकरीचं मागचं दार. यंत्र नेणार नाही.