काळ्या कुसळांचं भात

९ जून २०२५
डबा मला का दिला! आजवर एक तुळस जगवली नाही मी.

लिओनार्ड अंकल खोताच्या वाडीत घरच्या लाकडी जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड. उद्या परळला हॉस्पिटलात. त्यांची औषधं, सिलिंडर, बिलं मीच बघतो, एवढीच ओळख. तरी निघताना बिस्किटांचा जुना डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत भात. सालासकट, प्रत्येक दाण्याला काळं कुसळ.

उत्तनची त्यांची शेतं कधीच गेली. पण दरवर्षी अंगणातल्या जुन्या बाथटबमध्ये हेच भात लावतात, ऑक्टोबरात आगेराला, म्हणजे सुगीच्या सणाला, त्याची लोंबी चर्चमध्ये नेतात. दुसऱ्या कुणाकडे हे बी उरलं नाही म्हणाले. यंदा डोरिसने, म्हणजे मुलीने, घराला कुलूप घातलंय.

"निम्मं पेर, निम्मं ठेव. हळवं आहे, लवकर येतं. आणि गवताला फसू नको. लहान असताना दोन्ही सारखीच. पान दांड्याला चिकटतं तिथे बघ. भाताला बारीक जीभ असते, पांढरी. गवताला नसते."

हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणतो.

१३ जून
डबा करी रोडला घरी आणला, मालनकाकीला सांगितलं अंकलचं भात आहे, नीट ठेव — आणि भाऊच्या धक्क्यावर माशांचे थर्माकोलचे खोके मागायला गेलो. तिथे मांडव्याची बोट लागलेली. बसलो! अलिबागला एकाच्या पोफळीच्या बागेत राहिलो. आज आलो. काकी बोलत नाही. डबा फळीवर, जिथल्या तिथे.

खोके आणले मात्र. गच्चीवर चढवले, दादरहून लाल माती आणली, भात भिजत घातलं. काकीला सांगितलं नाही, हसेल. तिचे गुडघे गच्चीपर्यंत येत नाहीत ते बरंय.

१५ जून
पेरलं. मग टाकीच्या सावलीत बसून मोबाइलवर 'भात कसं लावतात' बघायला घेतलं आणि पोचलो भलतीकडेच. शेती म्हणे एका ठिकाणी सुरू झालीच नाही. कुठे गहू, चीनमध्ये नदीकाठी भात, मेक्सिकोत मका, न्यू गिनीत केळी. कुणी कुणाला विचारलं नाही. मेक्सिकोवाले तलावात वाफे बांधायचे. कुणी म्हणतं, सुरुवात उकिरड्यावर झाली, बायांनी टाकलेलं उगवलं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं. डोंगरातली फिरती शेती मला पटली — तोडा, जाळा, पेरा, जमीन दमली की पुढे चला. एका जागी बसायचं नाही. माझीच शेती!

संध्याकाळ झाली. काय बघायला बसलो होतो ते विसरलो.

१९ जून
काही नाही.

२१ जून
काही नाही. एक दाणा उकरला. फुगलेला, मऊ, आंबूस वास. मोड नाही. अजून एक उकरला. तसाच. माती वाईट? पाणी जास्त? कबुतरं? निम्मा खोका उकरला आणि प्रत्येक दाणा तसाच.

२२ जून
उरलेलं निम्मंही पेरलं. निम्मं ठेव म्हणाले होते, माहीत आहे. पण हात थांबेना. आता डब्यात फक्त कुसळं.

२९ जून
हिरवं! जुन्या खोक्यात एका कडेला पात्या उभ्या आहेत, बोटभर. फोटो काढले. खाली जाऊन काकीच्या हातचे तीन आंबोळ्या खाल्ल्या. काकी म्हणाली, काय लॉटरी लागली की काय.

३० जून
हॉस्पिटल. अंकल अर्धे झालेत. फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला, बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला.

"जीभ नाय याला. गवत आहे रे."

रागावले नाहीत, तेच वाईट. मग त्यांनी हळूच विचारलं, "निम्मं ठेवलंस ना?"

मी मान हलवली. हो.

१ जुलै
दुसऱ्या खोक्यातही आंबूस वास.

३ जुलै
दादरच्या बाजारात फिरलो. दसऱ्याला इथे भाताच्या लोंब्या येतात, तोरणात ओवायला. घ्यायची एक, कुसळं काळी रंगवायची. कुणाला कळणार? अंकलना. दोन बोटांत धरली की कळणार.

घरी आलो तर काकी विचारते, "त्या म्हाताऱ्यान पेज खाल्ल्यान काय?"

कसली पेज?

"मेल्या, तू फिराक गेल्लंस तेवा मिया ता भात आधी पाखडलंय, मगे उकडलंय, पंख्याखाली सुकवलंय. गिरणीत कोण कांडून देयना म्हणान परत डब्यात भरलंय. तू पोचवलंस नाय?"

मी म्हटलं, उकडलं कशाला?

"मगे? उकडल्याशिवाय भात कांडतत कोण? आजारी माणसाक उकड्याची पेज नको?"

गावाला तिने आयुष्यभर हेच केलं. भात दिसलं की चुलीवर चढवायचं.

मी उकडलेलं बी पेरलं. दोनदा! रोज पाणी घातलं त्याला. ओरडणार होतो. पण पेरायचंय एवढं एक वाक्य कुणी सांगायचं होतं तिला? मी. मी पोफळीखाली झोपलो होतो.

चीनमधल्या त्या पहिल्या माणसापासून दरवर्षी कुणीतरी मूठभर बाजूला ठेवलं. उपाशी असतानाही ठेवलं असेल. ते माझ्या फळीवर येऊन संपलं.

४ जुलै
हॉस्पिटलात जाणार नाही. तोंडच नाही. बॅग भरली. कुठे ते ठरलं नाही — कुठेही. जमीन दमली, पुढे चला. काकीला निदान खोके उचलायला नकोत. ते घरगल्लीत फेकतो आणि तसाच जातो.

४ जुलै, तिथेच
घरगल्लीत बसून लिहितोय, बॅगेवर. चाळीच्या मागची ही फट, सगळी चाळ वरून कचरा टाकते. वर काकीची मागची गॅलरी. ती सूप घेऊन बसते तिथेच. खाली, फुटक्या पाइपाजवळ, पाखडून पडलेल्या काळ्या कुसळांत, वीतभर हिरवं.

काकी वरून ओरडतेय, थंय काय बसलंस.

एक पान वाकवून बघितलं. मग दुसरं. मग सगळी.

जीभ आहे.