दिवा विझला, पंखा थांबला नाही

दादा,

बॅटरीच्या खोलीत पाऊल टाकू नकोस. दुपारी लाइट गेली होती, पंखा बॅटरीवर चालू होता. जळका वास आला म्हणून मी सगळं बंद करायचं तुझं लाल बटण दाबलं. भंगारातल्या गाडीतून काढलेला तुझा तो वीज तोडणारा लाडका रिले 'टक' वाजला, बटणावरचा दिवाही विझला, पण पंखा फिरतच राहिला! आत काहीतरी चिकटून बसलंय.

आईला घेऊन मावशीकडे जातेय. खोलीला कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडे आहे. वायरमनना फोन केलाय. ते येईपर्यंत कुलूप फोडायचं नाही. चिडायचं तेवढं चीड. फक्त "दिवा विझलाय, म्हणजे बंदच आहे" असं म्हणू नकोस. बाबाही "बंदच आहे" म्हणत विजेच्या खांबावर चढले होते.

— धाकटी