पुलाअलीकडची घरघर

हॅलम क्रीक, नेब्रास्का
३ मार्च २०१४

चि. ऑल्डन यास ताईचे अ. आ. वि. वि.

तू गाडी चालवतोस आणि मी घरी बसून रेल्वेच्या वायरलेसवरची तुमची बोलणी ऐकते, याला तू भोचकपणा म्हणतोस. म्हण बापडा. पण आठवडाभर दुपारी चार वाजले, की बोलण्यामागे घरघर सुरू होते. छोटा रेडिओ घेऊन चालत गेले, तर प्रूइटच्या कोंबड्यांच्या शेडपाशी दुसरं काही ऐकूच येईना. त्याचे नवे दिवे चारलाच लागतात, घरघर त्यांचीच. त्याला सांगितलं, तर म्हणाला, कोंबड्या अंडी देतायत, तुमच्या रेडिओचं मी काय करू? रेल्वेला फोन केला, तर म्हणे, आजी, तुमचा रेडिओच जुना झाला असेल. पुढे नदीचा पूल आहे, म्हणून जीव घाबरतो. तूच वर सांग.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई, व्हर्नेटा

ग्रँट यार्ड
१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून विसरलो, हे आधी कबूल करतो. सोमवारी शेडजवळून येताना वायरलेसवर नुसती घरघर होती. पुलावरचं काम आटोपलं असं समजून कंट्रोल रूमनं मला हिरवा सिग्नल दिला होता. तिथं अजून आठ माणसं होती आणि थांबा म्हणून ओरडत होती. मला एक अक्षर कळलं नाही. अचानक समोरचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली तेव्हा मला त्यांचे चेहरे दिसत होते. त्यांचा मुकादम टोबायस रुळाशेजारी बसून रडला. मग मीही बसलो. कुणा बाईनं फोन केला म्हणाले. नाव तुझं निघालं. प्रूइटनं दिवे काढलेत. आठही घरांचा तुला नमस्कार.

लोभ आहेच, तो या वेड्यावर असाच राहो.
तुझा ऑल्डन

हॅलम क्रीक
२६ मार्च

चि. ऑल्डन यास अ. आ. वि. वि.

पुलावरच्या माणसांच्या हाका मला घरी रेडिओवर ऐकू येत होत्या, पण तुझं उत्तर येईना. तू कधी उत्तर चुकवत नाहीस, म्हणून रेल्वे फाटकाच्या निळ्या पाटीवर संकटासाठी दिलेला नंबर लावला. कंट्रोलच्या बाईंनी गाडीचा नंबर विचारला. तो मला पाठ होता, तरी तोंडून निघालं, त्या गाडीवर माझा भाऊ आहे. सिग्नल लाल केल्यावर त्या म्हणाल्या, फोन ठेवू नका. तू थांबलास हे कळेपर्यंत ती परकी बाई माझ्याशी बोलत राहिली. मी रडतच होते, नाव विचारायचं राहून गेलं. तेवढं शोधून काढ. तिला माझ्या हातचा पीचचा मुरंबा पाठवायचा आहे.

तुझीच,
ताई